मॅडम, दुकान पळतं कुठं? (इंग्रजीतल्या ‘रन’विषयी)

शाळेची_घंटा

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यातल्या एका गावात मी रोज संध्याकाळी नववी-दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. परवा ‘माझं कुटुंब’ या विषयावर इंग्रजीत दहा ओळी लिहायला सांगितल्या. एका मुलाच्या वडिलांचं किराणा दुकान आहे. त्याने लिहिलं, ‘माय फादर वॉक्स अ शॉप.’ शेजारच्या मुलाने त्याच्या वहीत डोकावून ते खोडलं आणि वर लिहून दिलं, ‘माय फादर ड्राइव्हज अ शॉप.’

वर्ग हसला. मला त्या दोघांचं कौतुक वाटलं. बाबा दुकान ‘चालवतात’. चालणे म्हणजे वॉक हे एकाला माहीत होतं, चालवणे म्हणजे ड्राइव्ह हे दुसऱ्याला. दोघांनीही विचार करून लिहिलं होतं. मी फळ्यावर लिहिलं, ‘माय फादर रन्स अ शॉप.’ तर तो पहिला मुलगा म्हणाला, ‘मॅडम, रन म्हणजे पळणं ना? मग दुकान पळतं कुठं?’

या प्रश्नाला मला पटेल असं उत्तर तिथल्या तिथे देता आलं नाही.

मग त्याने दप्तरातून एक गाईड काढून दाखवलं. त्यात ‘रन’चे चोवीस वाक्प्रचार एकाखाली एक छापलेले. रन इनटू म्हणजे अचानक भेटणे, रन ओव्हर म्हणजे गाडीखाली चिरडणे, रन आउट ऑफ म्हणजे संपणे. पहिल्या अकरांसमोर पेन्सिलीने बरोबरच्या खुणा. ‘एवढे पाठ झालेत, तेरा राहिलेत,’ म्हणाला. त्या अकरा खुणा बघून मला फार वाईट वाटलं, कारण हे तेरा संपले तरी ‘रन’ संपत नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात एकट्या ‘रन’ या क्रियापदाचे 645 अर्थ नोंदले आहेत. 1989 साली त्या कोशाची वीस खंडांची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा सर्वांत लांब नोंदीचा मान ‘सेट’कडे होता. 430हून जास्त अर्थ आणि सुमारे 60,000 शब्दांची ती एकच नोंद! पुढे नव्या आवृत्तीचं काम सुरू झालं तसं आधी ‘मेक’ने, मग ‘पुट’ने आणि 2011च्या सुमारास ‘रन’ने ती जागा घेतली. पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकाराला ही एक नोंद नव्याने लिहायला नऊ महिने लागले.

नऊ महिने, तीन अक्षरी शब्दाला. आणि आपण पोराला सांगतो, उद्यापर्यंत पाठ कर.

माझा अंदाज असा आहे की या सगळ्या अर्थांच्या बुडाशी एक चित्र आहे. माणसाच्या पायांइतकंच ते पाण्याचं आहे. एकदा सुटलं की पुढे पुढे सरकत राहणारी गोष्ट. नदी, नळ, नाक, रस्ता, दुकान, ताप, धुतल्यावर कपड्याचा रंग, या सगळ्यांना इंग्रज ‘रन’ लावतो. आपण हीच कामं वेगवेगळ्या क्रियापदांना वाटून दिली आहेत. नदी वाहते, रस्ता जातो, दुकान चालतं, रंग फुटतो, ताप येतो.

तुम्ही ज्या ज्या क्षेत्रात आहात तिथे ‘रन’ कसा वापरतात आणि त्या जागी आपण मराठीत काय म्हणतो, हे मला लिहून कळवाल का? वर्गात सांगायला मला तुमची उदाहरणं हवी आहेत.

---

हिशोबी

ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण पाठांतराला इतकं वाईट म्हणू नका. मी खेड्यातूनच आलो, असेच तक्ते पाठ करून इंग्रजी शिकलो आणि आज त्याच इंग्रजीवर नोकरी करतो. परीक्षेत चित्र विचारत नाहीत, अर्थ विचारतात. पोराचे राहिलेले तेरा आधी होऊ द्या, मग तत्त्वज्ञान.

---

परदेशी_परिचारिका

घंटाताई, मी मूळची साताऱ्याची, गेली काही वर्षं इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात नर्स आहे. तुमचा धागा वाचून माझा इथला पहिला आठवडा आठवला.

एका वयस्क बाईंनी मला सांगितलं, ‘आय हॅव गॉट द रन्स, लव्ह.’ या वयात या धावायला जातात म्हणून मला आदर वाटला आणि मी तसं बोलूनही दाखवलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी हळूच समजावलं, त्यांना जुलाब होतायत.

त्याच दिवशी संध्याकाळी वरिष्ठ नर्सने सलाईनची पिशवी हातात दिली आणि म्हणाली, ‘रन इट ओव्हर फोर अवर्स.’ मी तिथेच थबकले. रन ओव्हर म्हणजे गाडीखाली चिरडणे, हे मीही तुमच्या त्या मुलासारखंच पाठ केलेलं होतं. इथे अर्थ साधा होता, चार तासांत संपेल अशा वेगाने सोड. वाक्यात ‘रन’ आणि ‘ओव्हर’ दोन्ही असले तरी दोघांची जोडी नव्हती. ‘ओव्हर’ पुढच्या चार तासांना चिकटलेलं होतं. हिशोबीदादा, पाठ केलेला अर्थ तिथे माझ्या आडवा आला, म्हणून सांगते. औषधाच्या बाबतीत असा गोंधळ झाला की भीती वाटते.

आपल्याकडे वॉर्डात आपण ‘सलाईन चालू आहे’ म्हणतो, ‘सलाईन सोडलंय’ म्हणतो. सोडणे! पाण्याच्या चित्राबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला म्हणूनच पटलं. शेतात पाणी सोडतो तसंच सलाईन सोडतो. इथे लोक आंघोळीचं पाणीही ‘रन’ करतात, म्हणजे टबात पाणी सोडतात.

---

सुईदोरा

मी शिवणवर्ग चालवते (बघा, मीही चालवतेच!). आमच्याकडे पहिल्या दिवशी मुलींना जो टाका शिकवतो त्याला इंग्रजीत रनिंग स्टिच म्हणतात आणि मराठीत धावदोरा. सुई कापडाच्या खालून वर, वरून खाली, सारख्या अंतराने पुढे जात राहते, मध्ये कुठे मागे वळत नाही. दोरा कापडावरून धावत गेल्यासारखा दिसतो. बखिया घालताना दर टाक्याला सुई थोडी मागे येते, म्हणून त्याला कोणी धावदोरा म्हणणार नाही. मुलींना हा फरक हातात सुई घेतल्याशिवाय कळत नाही, हातात घेतली की एका मिनिटात कळतो.

लेस आणि पट्टी घ्यायला गेलं की दुकानदार ‘रनिंग मीटर’चा भाव सांगतो. रुंदी धरायची नाही, लांबी जेवढी पुढे जाईल तेवढे पैसे. सुतार आणि ग्रिलवाले हेच ‘रनिंग फूट’ म्हणतात.

रंगाचं म्हणाल तर बायका दुकानात विचारतात, ‘याचा रंग जातो का हो?’ इंग्रजीत तिथे रन. लाल खणाचा रंग पांढऱ्या साडीवर उतरला की काय होतं ते ज्या घरात झालंय त्यांनाच ठाऊक. पण एक मला तुमच्याकडून समजून घ्यायचंय ताई. पातळ पायमोजा एका ठिकाणी उसवला की उसवण सरळ रेषेत वर चढत जाते. अमेरिकन पुस्तकात त्याला ‘रन’ लिहिलेलं वाचलं. तेही त्याच चित्रातलं का?

---

शाळेची_घंटा

सुईदोराताई, त्यातलंच. एक घर सुटलं की पुढचं सुटतं, थांबत नाही. तुमचा धावदोरा मी उद्या वर्गात कापड आणि सुई नेऊन घालून दाखवणार. इतकी वर्षं मी तो घालते आहे आणि त्या शब्दात ‘धाव’ आहे हे कधी मनात आलं नव्हतं.

हिशोबीदादा, पाठांतर मी बंद करत नाही. पाढे पाठच करावे लागतात. पण पाढ्यात बारा सात्ती चौऱ्याऐंशी हे कायम चौऱ्याऐंशीच राहतं. ‘रन’चं तसं नाही, शेजारचा शब्द बदलला की तो बदलतो. परिचारिकाताईंचा अनुभव वाचा.

---

रनिंग_रूम

रेल्वेत लोको पायलट म्हणून सेवा करून निवृत्त झालो. माझं सदस्यनाम बघून बऱ्याच जणांना ती जिमखान्यातली खोली वाटते. गाडी घेऊन परगावी पोहोचल्यावर चालक आणि गार्ड जिथे जेवतात, झोपतात, ती रनिंग रूम. ज्या खोलीत आम्ही अजिबात न हलता पडून राहायचो तिचं नाव रनिंग रूम. कारण तिथे येणारे सगळे ‘रनिंग स्टाफ’, म्हणजे गाडीबरोबर फिरणारे कर्मचारी. घरी बायको फोनवर विचारायची, ‘कुठे आहात?’ ‘रनिंगला आहे,’ असं म्हटलं की तिला सगळं कळायचं.

मुंबईच्या लोकलमध्ये हा शब्द पार मराठी होऊन गेलाय. ‘रनिंगमध्ये चढू नकोस’ असं आई मुलाला सांगते तेव्हा तिच्या दृष्टीने ते मराठीच वाक्य असतं. मुलांनी ते ऐकावं, ही माझी हात जोडून विनंती. समोरच्या काचेतून मी जे पाहिलंय ते इथे लिहिणार नाही.

आणि मराठीत गाडी धावतेच की. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी ‘धावली’ असंच आपण लिहितो. 1 जून 1948ला अहमदनगरहून पुण्याला पहिली एसटी ‘धावली’. गंमत अशी की तीच गाडी रोजची झाली की ‘चालते’. ‘ही पॅसेंजर रविवारी चालत नाही.’ कौतुकाला धावणं आणि रोजच्या रहाटगाडग्याला चालणं. दुकान रोज उघडतं, म्हणून ते चालतं. त्या पोराला एवढं सांगून बघा.

---

मळ्यातला

राम राम. वर कोणीतरी बखियाचं लिहिलंय, मला त्यातलं कळत नाही. पण ‘धाव’ या शब्दाचं सांगतो, कारण माझ्या वयाचे लोक गेले की हे सांगणारं कोणी राहणार नाही.

आमच्या विहिरीवर मोट होती. मोटेचे बैल ज्या उतारावरून खाली जायचे त्या उताराला ‘धाव’ म्हणायचे. थारोळ्यापासून निघालेली, बैलांच्या खुरांनी मधोमध खोल गेलेली वाट. बैल धावेवरून खाली उतरले की मोट भरून वर यायची, पाणी थारोळ्यात पडून पाटाला लागायचं. मग बैल तोंड न फिरवता तसेच मागे सरत वर यायचे, मोट परत खाली जायची. दिवसभर हेच. बैल त्या धावेवर धावत कधीच नव्हते. जाताना सगळ्या अंगाचा भार टाकून पाऊल पाऊल चालायचे आणि येताना मागे सरायचे. तरी नाव धाव.

दुसरी धाव बैलगाडीच्या चाकाची. लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात ती धाव. ती चाकापेक्षा मुद्दाम थोडी लहान करायची. मग गोवऱ्या रचून त्यात लालभडक तापवायची. तापली की लोखंड फुगतं. चार माणसांनी सांडशीने उचलून चाकावर बसवायची, घणाने ठोकायची आणि लगेच पाणी मारायचं. चर्रर्र आवाज, सगळीकडे वाफ, जळक्या लाकडाचा वास. लोखंड आवळलं की सगळे सांधे असे घट्ट बसायचे की चाक दगडावर आपटलं तरी हलायचं नाही. आम्ही पोरं ते बघायला शाळा बुडवायचो.

आता विहीर आहे, मोटार आहे. धाव बुजवून तिथं माझ्या भावाने गोठा बांधला. तुमच्या इंग्रजीत धावायच्या जागेला पण रन म्हणतात का?

---

शाळेची_घंटा

मळ्यातलेकाका, तुम्ही लिहिलेलं मी तीनदा वाचलं.

होय, अगदी तसंच म्हणतात. कोंबड्यांना फिरायला जाळी लावून जी जागा करतात ती चिकन रन. बर्फावरून घसरत येण्याचा डोंगरउतार, तो स्की रन. क्रियेवरून जागेचं नाव पडलं. आपण ते विहिरीवर केलं, त्यांनी खुराड्यापाशी आणि डोंगरावर केलं. मी मुलांना आतापर्यंत सांगत आले की इंग्रजी शब्दाचे अर्थ असे कुठेही पसरतात, मराठी कशी सरळ! ते माझं सांगणं चुकीचं होतं.

---

मूळधातू

मी भाषाविज्ञानाचा विद्यार्थी. घंटाताईंचा पाण्याचा अंदाज बरोबर आहे, त्याला जोड देतो.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचं एक रूप ‘रिनन’ असं होतं आणि त्यात पळणं आणि वाहणं दोन्ही होतं. जर्मनमध्ये हे दोन शेजारी वेगळे राहिले. ‘रेनन’ म्हणजे पळणे, ‘रिनन’ म्हणजे पाण्यासारखं झिरपत वाहणे. इंग्रजीत दोन्ही एका ‘रन’मध्ये मिसळले. म्हणजे ‘नदी पळते’ हे इंग्रजीतलं पुढे कोणी केलेलं अलंकारिक बोलणं नाही, ते मुळापासूनचं आहे. आणि संस्कृतातल्या ‘धाव्’ धातूलाही पळणे आणि वाहणे हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत येईतो धावणं पायांकडे राहिलं, पाणी ‘वाहणे’कडे गेलं.

आता पैशाकडे या. लॅटिनमध्ये धावण्याला ‘कुरेरे’ म्हणत. त्यातून इंग्रजीत करंट, करन्सी, कोर्स, कुरिअर, करिक्युलम असे कितीतरी शब्द आले. करन्सी म्हणजे हातोहात धावणारा पैसा. आपण त्याला काय म्हणतो? चलन. चल् म्हणजे हलणे, चालणे. करंट अकाउंट म्हणजे चालू खातं. करिक्युलम म्हणजे मुळात धाव, शर्यत, आणि आपला शब्द अभ्यासक्रम. क्रम् म्हणजे पाऊल टाकणे. त्यांची मुलं अभ्यास धावत करतात, आपली पावलापावलाने. ठरवून कोणी केलं नाही हे, पण दोन भाषा हालचालीतूनच पैसा आणि शिक्षण बघतात आणि वेग मात्र वेगळा धरतात, याचं मला आजही नवल वाटतं.

---

हडसनकाठी

न्यू जर्सीहून लिहितोय. निवडणुकीचं कोणी लिहिलं नाही म्हणून. इथे माणूस अध्यक्षपदासाठी ‘रन’ करतो. इंग्लंडमध्ये उमेदवार ‘स्टँड’ करतो. आपल्याकडे? ‘काका यंदा ग्रामपंचायतीला उभे राहिलेत.’ म्हणजे इथे आपलं इंग्लंडशी जुळतं. अमेरिकेत उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला रनिंग मेट म्हणतात, तो शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आलाय.

माझ्या आईला मी फोनवर सांगितलं की अमुक बाई अध्यक्षपदासाठी धावतायत, तर ती म्हणाली, ‘अगं बाई, एवढी काय घाई?’ तेव्हापासून मी तिच्याशी बोलताना ‘उभ्या आहेत’ असंच म्हणतो. तिच्याशी मराठीत बोलायचं तर मराठीतच बोलावं.

---

यष्टीमागून

क्रिकेटचं थोडक्यात. फलंदाज खरोखर खेळपट्टीवर धावतो म्हणून रन, आणि म्हणून आपली धाव. अठराव्या शतकात मोजणारा माणूस काठीवर चाकूने खाच पाडायचा आणि धावेला ‘नॉच’, म्हणजे खाचच, म्हणायचे. आज षटकार मारला तर फलंदाज जागचा हलत नाही तरी सहा धावा. शब्द पायांपासून सुटला आणि फलकावर गेला. धावबाद, धावसंख्या, धावगती हे शब्द रेडिओवरच्या मराठी समालोचनातून माझ्या कानात बसले आणि मला ते इंग्रजीपेक्षा जास्त नेमके वाटतात.

---

वेळापूरची_माळीण

वर ‘धावा’ वाचून राहवलं नाही. आमच्या गावात धावा म्हटलं की क्रिकेट नाही आठवत. माउलींची पालखी वेळापूरला यायच्या वेळी वारकरी टेकावरून धावत सुटतात, त्याला धावा म्हणतात. पंढरी जवळ आली म्हणून. पंधरा-सोळा दिवस चालून पाय सुजलेले असतात, पायांत चिंध्या बांधलेल्या असतात, आणि म्हाताऱ्या बायका डोक्यावर तुळस घेऊन धावतात. मी लहानपणापासून बघते, दर वर्षी डोळ्यांत पाणी येतं.

आणि देवाचा धावा करतो तो वेगळा. त्यात माणूस जागेवर बसलेला असतो, हाक मारत असतो. धावून यायचं असतं देवाने.

---

ठेवपावती

मी एका पतपेढीची ठेवीदार होते. नाव सांगत नाही. एके सकाळी गावात कुजबूज झाली आणि दुपारपर्यंत पतपेढीच्या दारात माणूस मावेना. वडील पायांत चपला न घालता गेले होते. संध्याकाळी परत आले तेव्हा तळव्याला भेगा पडून रक्त आलेलं. पैसे मिळाले नाहीत.

याला इंग्रजीत ‘रन ऑन द बँक’ म्हणतात हे मला पुढे अनेक वर्षांनी कळलं. मराठी पेपरात ‘ठेवीदारांची झुंबड’ लिहितात. झुंबड म्हटलं की गर्दी दिसते, रन म्हटलं की तिथे पोहोचायची घाई दिसते, माझ्या आधी कोणी पोहोचेल ही भीती दिसते. मला त्या दिवसासाठी तो इंग्रजी शब्दच जास्त खरा वाटतो, कारण माझे वडील धावले होते.

आता तर कोणाला धावावंही लागत नाही. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून 9 मार्च 2023 या एका दिवसात ग्राहकांनी 42 अब्ज डॉलर काढायला टाकले, बहुतेकांनी बसल्या जागेवरून. दुसऱ्या दिवशी बँक बंद. त्यालाही बँक रनच म्हणाले.

---

परदेशी_परिचारिका

ठेवपावतीताई, तुमच्या वडिलांचं वाचून गलबलून आलं. आमच्याही घरात असंच झालं होतं.

---

पंचगंगा

धागा फार आवडला. घंटाताई, उलट्या बाजूनेही शिकवून बघा. आपल्या ‘लागणे’ला कोणता इंग्रजी शब्द देणार? भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, वेळ लागतो, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, वेड लागतं, दूध खाली लागतं, आणि तो माझा मामा लागतो. आणि ‘गाडी लागली’? कोल्हापूर स्टँडवर कोणी हे म्हणालं तर फलाटावर एसटी उभी राहिली, आणि आंबा घाटात कोणी म्हणालं तर पिशवी काढा! दोन्ही वेळा शब्द तेच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आपल्याला कधी यादी पाठ करावी लागली नाही. जागा आणि माणूस बघून कळतं.

माझ्या घरी जावई बंगाली आहेत, त्यांना मी हे एकेक करून शिकवलं. ‘लागणे’ म्हणजे काहीतरी येऊन टेकतं, चिकटतं, हे चित्र दिल्यावर त्यांचं गाडं पुढे सरकलं. मग ते स्वतःच म्हणाले, ‘आई, मला मराठी लागायला लागलं.’ चुकीचं होतं, पण मी सुधारलं नाही.

---

हिशोबी

घंटाताई, माझा पहिला प्रतिसाद घाईचा होता. काल रात्री मी माझी जुनी वही काढली. दहावीत पाठ केलेला तक्ता अजून आहे त्यात. ‘रन शॉर्ट’ समोर ‘तुटवडा पडणे’ असं लिहिलंय, आणि ते मी आयुष्यात पहिल्यांदा कधी नीट वापरलं ते आठवायचा प्रयत्न केला. नोकरी लागल्यावर, गोदामात माल कमी पडला तेव्हा. साहेब म्हणाले, ‘वी आर रनिंग शॉर्ट,’ आणि समोर रिकामी फळी होती. त्या दिवशी तो शब्द माझा झाला. दहावीत नुसता वहीत होता.

तक्ता मी तरी टाकणार नाही. पण मुलांना फळी दाखवा, हे तुमचं मान्य.

---

रनिंग_रूम

हिशोबीसाहेब, मोकळ्या मनाने लिहिलंत, बरं वाटलं. ताई, वर्गात पुढे काय झालं ते कळवा.

---

शाळेची_घंटा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वर्ग झाला, सविस्तर लिहिते.

कापड नेलं होतं. एका मुलीने धावदोरा घातला, दुसरीने बखिया. मग मळ्यातल्या काकांची विहीर फळ्यावर काढली. माझं चित्र काही धड नव्हतं, पण मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, ‘मॅडम, धाव तिकडून नाही, इकडून उतरते, आमच्या मळ्यात अजून आहे.’ त्याने खडू घेतला आणि उतार नीट काढून दिला. हा मुलगा जूनपासून माझ्या वर्गात एक शब्द बोललेला नव्हता.

त्यानंतर मी एकही अर्थ सांगितला नाही. फक्त विचारलं, तुमच्या घरात काय काय चालतं, वाहतं, धावतं, संपतं? फळा भरला. गिरण, नळ, आजोबांचं पेन्शन, टीव्हीवरची मालिका, बोअरचं पाणी, दमेकरी आजीचा श्वास. एकेकापुढे ‘रन’ लावून बघितला. गिरणीला लागला, नळाला लागला. पेन्शनवर वाद झाला, संपतं तेव्हा ‘रन्स आउट’ चालेल असं ठरलं. श्वासाला लागला नाही, आणि तो का लागत नाही यावर मुलं दहा मिनिटं बोलत होती. श्वास आत जातो, परत बाहेर येतो, एकाच दिशेने पुढे जात नाही, असं एका मुलीचं म्हणणं. ते बरोबर की चूक, मी सांगितलं नाही. मूळधातू, तुम्हाला काय वाटतं ते लिहा, मी तिला वाचून दाखवेन.

शेवटी पुन्हा त्याच दहा ओळी लिहायला दिल्या. किराणा दुकानवाल्या मुलाने पहिली ओळ बरोबर लिहिली, ‘माय फादर रन्स अ शॉप.’ आणि तिच्याखाली मी न शिकवलेली, त्याच्या गाईडातल्या चोवीसांमध्येही नसलेली एक ओळ होती,

‘अवर शॉप रन्स ऑन उधारी.’

‘उधारीला इंग्रजीत काय म्हणतात मॅडम?’ त्याने विचारलं. क्रेडिट, मी म्हटलं. तो जरा वेळ वहीकडे बघत बसला. मग म्हणाला, ‘तसं लिहिलं तर बाबांना कळणार नाही.’

मी उधारी तशीच ठेवली आणि पूर्ण गुण दिले.